सातव्या भागाचा आनंद : शिकागोच्या एका मांत्रिकाची कुळकथा



इतिहासाच्या अभ्यासकाने वसंतातल्या व्यासपीठावरून बोलावयाचे म्हणजे एखादी सनद, एखादी लढाई किंवा एखादा थोर पुरुष हाच विषय असावयाचा, अशी श्रोत्यांची अपेक्षा असते आणि ती रास्तही आहे. आज मी ती थोडी मोडणार आहे. आज मी एका कादंबरीविषयी बोलणार आहे. ती अमेरिकन आहे, रहस्याची आहे, तीत भुतेखेते आहेत, आणि भरीस भर म्हणजे ती एका मालिकेतील सातवी आहे. पहिली असती तर नव्या प्रकाराची सुरुवात म्हणून तिचे समर्थन करता आले असते. शेवटची असती तर समारोप म्हणून. सातव्या भागाला वाङ्मयाच्या इतिहासात कोणी पाट मांडीत नाही. पंगतीच्या मधोमध बसलेल्या पाहुण्यासारखी त्याची गत असते. त्याला वाढले जाते, पण त्याची विचारपूस कोणी करीत नाही.

ही विचारपूस आज मी का करतो, ते आधी सांगितले पाहिजे. माझा एक भाचा शिकागोजवळ राहतो. काही वर्षांपूर्वी मी त्याच्याकडे गेलो असता तेथील प्रख्यात फील्ड म्युझियम पाहावयाचे ठरले. आदल्या रात्री त्याने एक जाडजूड पुस्तक माझ्या हाती ठेवले आणि म्हणाला, “मामा, उद्या आपण जो सांगाडा पाहणार आहोत, तो या पुस्तकात चालतो.” पुस्तकाचे नाव ‘डेड बीट’, लेखक जिम बुचर, प्रसिद्धीचे साल 2005. मी ते दोन रात्रींत वाचून काढले. कथानक कळले, एकदोन ठिकाणी हसू आले, आणि “ठीक आहे” असे म्हणून मी ते परत केले. परंतु त्या ‘ठीक आहे’ने भाच्याचा चेहरा असा काही उतरला, की मायदेशी परतल्यावर मी हट्टाने आधीचे सहा भाग मिळविले, क्रमाने वाचले आणि मग सातवा पुन्हा हाती घेतला. तेच पुस्तक, तीच पाने. पण या खेपेस तीन ठिकाणी मला ते मिटून क्षणभर बाजूला ठेवावे लागले.

पुस्तक बदलले नव्हते. मीही वर्षा-दोन वर्षांत असा काय बदलणार? मग बदलले काय? या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता मी पुन्हा आपल्या नेहमीच्या आळीत, म्हणजे इतिहासात येऊन पोहोचलो.

प्रथम या मालिकेची ओळख करून देतो. हॅरी ड्रेस्डेन हा शिकागो शहरातला मांत्रिक. दूरध्वनीच्या यादीत ‘मांत्रिक’ या सदराखाली ज्याचे नाव सापडते असा तो एकटाच. त्याचे वडील रंगमंचावर हातचलाखीचे खेळ करीत. त्यांनी पोराला हूडिनी, ब्लॅकस्टोन आणि कॉपरफील्ड या नामांकित जादूगारांची नावे दिली. पोराला मात्र खरीच जादू येते. जादू येते म्हणून पैसा येतो असे नाही. भाडे थकलेले, मोटार जुनी, आणि मांत्रिकाच्या सान्निध्यात यंत्रे बिघडतात म्हणून घरात विजेचा दिवासुद्धा नाही. हा गृहस्थ पोलिसांना विचित्र गुन्ह्यांत मदत करतो, मार खातो, मार खाताना विनोद करतो आणि पुन्हा उठतो. 2000 साली निघालेल्या ‘स्टॉर्म फ्रंट’पासून 2020 मधील ‘बॅटल ग्राउंड’पर्यंत या मालिकेच्या सतरा कादंबऱ्या झाल्या. पहिल्या कादंबरीची जन्मकथा बुचर यांनी स्वतःच गमतीने सांगितली आहे. लेखनवर्गातल्या शिक्षिकेचे सारे नियम पाळले तर किती साचेबंद गोष्ट तयार होते हे दाखवून देण्यासाठी त्यांनी ती लिहावयास घेतली, आणि निघाली ती हीच. शिष्य हरला आणि त्याचा संसार मात्र उभा राहिला.

आता या नायकाचे कूळ पाहू. आश्चर्य असे, की त्याच्या पूर्वजांचा मागही बराचसा शिकागोकडेच जातो. ॲलन पिंकर्टन नावाचा एक स्कॉटिश माणूस तेथे आला. धंद्याने तो पिंपे बनविणारा. 1850 च्या सुमारास त्याने शिकागोत खाजगी हेरांची पेढी काढली. तिच्या पाटीवर एक उघडा डोळा असे आणि आम्ही कधी झोपत नाही असे आश्वासन असे. खाजगी हेराला इंग्रजीत ‘प्रायव्हेट आय’ म्हणतात, त्या शब्दाशी या डोळ्याचा संबंध लावला जातो. या पेढीचा इतिहास सगळाच उजळ नाही. 1892 साली पेन्सिल्व्हेनियातील होमस्टेड येथे संपकरी कामगारांवर पिंकर्टनची माणसे घातली गेली आणि रक्तपात झाला. खाजगी हेर कोणाच्या पैशाने कोणाविरुद्ध काम करतो, हा प्रश्न तेव्हापासून त्याच्या पाठीस लागला आहे.

याच पेढीत 1915 साली डॅशिएल हॅमेट नावाचा तरुण नोकरीस लागला. पुढे क्षयाने शरीर खालावले तेव्हा त्याने लेखणी धरली. त्या काळी अमेरिकेत लाकडाच्या लगद्यापासून केलेल्या स्वस्त, खरबरीत कागदावर मासिकांचा पूर लोटला होता. शब्दागणिक सेंटाच्या हिशेबाने मोबदला मिळे. 1920 साली दारूबंदी आली, तिच्या पाठोपाठ चोरटी दारू आली, टोळ्या आल्या, पोलिसखाते पोखरले गेले. कायदा एकीकडे आणि न्याय दुसरीकडे असे शहराचे चित्र झाले. अशा शहराला बागेतल्या बंगल्यात बसून तर्क लढविणारा सभ्य हेर पुरेसा नव्हता. त्याला रस्त्यावर उतरणारा, टणक कातडीचा माणूस हवा होता. अमेरिकन लोक त्याला उकडून कडक झालेल्या अंड्याची उपमा देतात.

या प्रकाराच्या इतिहासात 1923 हे वर्ष मोठे नवलाचे. त्या वर्षीच्या जून महिन्यात ‘ब्लॅक मास्क’ मासिकात कॅरल जॉन डेली याचा रेस विल्यम्स हा दणकट हेर प्रथम अवतरला, आणि ऑक्टोबरात त्याच मासिकात हॅमेटने आपला बिननावाचा, बसक्या बांध्याचा हेर आणला. पण त्याच वर्षी मार्च महिन्यात शिकागोत दुसरे एक मासिक निघाले होते. त्याचे नाव ‘वीअर्ड टेल्स’. भुते, पिशाच, शापित घरे आणि अज्ञात देवता यांना त्याने आसरा दिला. एकाच वर्षी, एकाच तऱ्हेच्या स्वस्त कागदावर दोन प्रवाह सुरू झाले. एकात पिस्तूल होते, दुसऱ्यात मंत्र. त्यांचा पुरता संगम होण्यास पाऊणशे वर्षे लागावयाची होती.

पिस्तुलाच्या प्रवाहाला त्याचा मोठा शैलीकार मिळाला तो रेमंड चँडलर. याचाही जन्म शिकागोचाच, 1888 चा. तेलकंपनीतली नोकरी 1932 साली गेली आणि पंचेचाळिसाव्या वर्षी त्याची पहिली रहस्यकथा ‘ब्लॅक मास्क’मध्ये छापून आली. 1939 च्या ‘द बिग स्लीप’ कादंबरीच्या आरंभीच त्याचा फिलिप मार्लो एका श्रीमंताच्या दिवाणखान्यात शिरतो आणि काचेवर रंगविलेले चित्र पाहतो. त्यात एक चिलखतधारी वीर बांधलेल्या स्त्रीला सोडवू पाहत आहे. चँडलरने हे चित्र उगाच टांगलेले नाही. मळक्या कोटातला हा हेर मध्ययुगातल्या वीराचा वारस आहे, हे त्याला सांगावयाचे होते. ड्रेस्डेन हा मार्लोचा नातू शोभतो तो याच खुणेवरून. आजोबांपाशी नुसता बाणा होता, नातवापाशी बाण्याबरोबर मंतरलेली काठीही आहे.

मंत्राच्या प्रवाहातही हेर होते. इंग्लंडात ब्लॅकवुडचा जॉन सायलेन्स 1908 साली येऊन गेला होता, हॉजसनचा कारनॅकी त्याच्या मागोमाग आला. ‘वीअर्ड टेल्स’मध्ये सीबरी क्विन या लेखकाने 1925 पासून 1951 पर्यंत ज्यूल द ग्रांदँ नावाच्या फ्रेंच भूतशोधकाच्या नव्वदांहून अधिक कथा लिहिल्या. पंचवीस-सव्वीस वर्षे! वाचकांचे त्याच्यावर फार प्रेम होते. परंतु या कथा एकापाठोपाठ वाचू लागले म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. या माणसाला कालचे काही आठवत नाही. मागच्या महिन्यात त्याने पिशाच पाहिले, या महिन्यात पुन्हा पाहिले, आणि त्याच्या डॉक्टर मित्राला दर खेपेस नव्याने नवल वाटते.

श्रोतेहो, येथे मला माझे बालपण आठवते. बाबूराव अर्नाळकरांच्या हजाराच्या वर कादंबऱ्यांपैकी जितक्या वाचनालयात हाती लागल्या तितक्या आम्ही मुलांनी गिळल्या. झुंझार आणि काळा पहाड हे आमचे सोबती होते. पण काळा पहाड कधी म्हातारा झाल्याचे मला स्मरत नाही. आम्ही चौथीतून मॅट्रिकला गेलो, आवाज फुटले, मिसरूड आली. तो मात्र होता तिथेच होता. त्याचा कोणताही भाग कोठूनही वाचावा. यात कमीपणा नव्हता, सोय होती. वाचनालयात जो भाग जागेवर असेल तो घ्यावा लागे. ज्या वाचकाला क्रम पाळणे परवडत नाही, त्याच्यासाठी लेखकाने नायकाची स्मरणशक्ती काढून घेतली होती.

थोरांच्या घरीही हेच होते. शेरलॉक होम्सचा डॉक्टर वॉटसन 1887 च्या पहिल्या कादंबरीत अफगाण युद्धात खांद्याला गोळी लागून परत येतो; 1890 च्या दुसऱ्या कादंबरीत तीच जखम पायाला झालेली दिसते. कॉनन डॉयलने 1893 च्या डिसेंबरात होम्सला धबधब्यात लोटले आणि 1903 साली, वाचकांच्या आणि प्रकाशकांच्या आग्रहास्तव, सुखरूप परत आणले. मृत्यूचेही ऋण फिटले असे समजावयाचे. मालिकेचा जुना कायदा हाच होता : गोष्ट संपली की पाटी कोरी.

हा कायदा मोडला कसा? एकाएकी नव्हे. 1939 साली निघालेल्या ‘अननोन’ मासिकाने भुतांना आधुनिक शहरात आणले. तेथेच 1941 साली फ्रिट्झ लायबरने काजळी आणि धुराड्यांतून जन्मलेले शहरी भूत दाखविले. 1987 साली एम्मा बुल या लेखिकेने मिनियापोलिसच्या रस्त्यांवर परीलोकाचे युद्ध आणले, आणि त्याच वर्षी ग्लेन कुकने एका काल्पनिक नगरात मार्लोच्या वळणाचा हेर फिरविला. 1993 साली लॉरेल हॅमिल्टनने सेंट लुई शहरात रक्तपिपासूंना नागरिकत्वाचे हक्क देऊन त्यांच्या गुन्ह्यांचा तपास करणारी नायिका उभी केली. संगम आता झाला होता. दरम्यान वाचकाचीही परिस्थिती पालटली होती. मागचे भाग छापील राहत, दुकानात ओळीने मिळत. क्रमाने वाचणारा वाचक लेखकाला आता गृहीत धरता येत होता. बुचर यांची पहिली सहा पुस्तके थेट कागदी बांधणीत निघाली. ‘डेड बीट’ हे मात्र प्रथमच पुठ्ठ्याच्या बांधणीत निघाले. प्रकाशकाचा या वाचकावर विश्वास बसल्याची ती पावतीच होय.

आता मी ज्या तीन ठिकाणी थांबलो, त्यांकडे येतो.

पहिले ठिकाण हाताचे. सातव्या भागात हॅरीच्या डाव्या हातावर सदैव मोजा असतो. प्रथम वाचनात मला वाटले, नायकाला शोभा यावी म्हणून लेखकाने केलेली ही योजना. सहावा भाग वाचल्यावर कळले, की मोज्याखाली जळून वितळलेला हात आहे. मध्ये वर्ष लोटले तरी तो बरा झालेला नाही. वॉटसनची गोळी खांद्यातून पायात गेली, पण या माणसाची जखम जेथे झाली तेथेच राहिली. टणक नायकाचा अर्थच येथे बदलतो. जुना टणक नायक म्हणजे ज्याला लागत नाही असा. हा नवा टणक नायक म्हणजे ज्याला लागते, लागलेले राहते, आणि तरी जो दार ठोठावणाऱ्याला परत पाठवीत नाही.

दुसरे ठिकाण झग्याचे. मांत्रिकांची एक परिषद आहे आणि तिचे करड्या झग्यांचे, तलवारधारी पहारेकरी आहेत. पहिल्या भागात असाच एक पहारेकरी हॅरीच्या मानेवर तलवार टांगून त्याच्या मागे हिंडत असतो, कारण पोरवयात त्याच्या हातून मंत्राने माणूस मेलेला आहे. तिसऱ्या भागात आपल्या प्रेयसीला सोडविण्यासाठी तो रक्तपिपासूंच्या घरात अशी काही आगळीक करतो, की दोन जमातींत युद्ध पेटते. चार भागांनंतर त्या युद्धात इतके पहारेकरी मेलेले असतात, की उरलेल्यांना माणूस मिळेना, आणि मग तोच करडा झगा हॅरीच्या अंगावर चढविला जातो. सुटा सातवा भाग वाचणाऱ्याला ही बढती वाटते. क्रमाने आलेल्याला ती फेड आहे हे कळते. ज्या आगीत ती माणसे मेली ती याने लावली होती. त्यांची जागा याने भरून काढावयाची. ‘डेडबीट’ या शब्दाचा अमेरिकन बोलीतला एक अर्थ देणे बुडविणारा असा आहे. पुस्तकाच्या नावात हा श्लेष आहे, आणि सारे पुस्तक देणे न बुडविण्याविषयी आहे.

तिसरे ठिकाण ढोलाचे, आणि ते मला सर्वांत प्रिय आहे. बटर्स नावाचा एक लहानखुरा, भित्रा शववैद्य या भागात हॅरीबरोबर ओढला जातो. त्याला पोल्का नावाच्या नाचाच्या संगीताचा नाद आहे. एकट्यानेच सारी वाद्ये अंगावर बांधून वाजविण्याचा साज त्याच्यापाशी असतो. प्रथम वाचनात तो मला विदूषक वाटला. पाचवा भाग वाचल्यावर कळले, की तिसऱ्या भागातल्या त्या आगीनंतर जळालेली प्रेते याच्याच टेबलावर आली होती. ही हाडे माणसांची नव्हेत, असा खरा अहवाल त्याने दिला आणि त्यापायी त्याला काही महिने वेड्यांच्या इस्पितळात काढावे लागले. जे दिसले ते लिहिले एवढाच त्याचा गुन्हा. असा माणूस सातव्या भागात थरथरत का होईना उभा राहतो. मी इतिहासाचा शिक्षक आहे; खरा अहवाल देणाऱ्याची काय वाट लागते हे मी कागदपत्रांतून पुष्कळ पाहिले आहे. त्याच्या हाती जेव्हा ढोल आला, तेव्हा माझ्याने पुढचे पान उलटवेना.

हा ढोल कशासाठी, हे सांगितले म्हणजे सांगाड्याचीही गोष्ट येईल. फील्ड म्युझियमचा जन्म 1893 च्या जागतिक प्रदर्शनातून झाला. त्याच प्रदर्शनाच्या निमित्ताने भरलेल्या सर्वधर्मपरिषदेत स्वामी विवेकानंद बोलले, म्हणून शिकागोचे नाव आपल्याकडे घरोघर झाले. या संग्रहालयात टायरॅनोसॉरस जातीच्या महाकाय सरड्याचा एक सांगाडा आहे. तो सुमारे चाळीस फूट लांब आणि पावणेसात कोटी वर्षांपूर्वीचा आहे. 1990 साली साउथ डकोटात सू हेंड्रिक्सन या शोधक बाईंना तो सापडला, म्हणून त्याचे नाव ‘सू’. जमीन कोणाची, हाडे कोणाची, यावर मोठा खटला माजला. 1992 साली सरकारी पोलिसांनी हाडे जप्त केली. 1997 साली लिलाव होऊन ती त्र्याऐंशी लाखांहून अधिक डॉलरला गेली. 2000 च्या मे महिन्यात ‘सू’ जनतेपुढे उभी राहिली. हॅरी ड्रेस्डेनचे पहिले पुस्तक त्याच्या आदल्याच महिन्यात बाहेर पडले होते. दोघांनी शिकागोत जवळजवळ एकदमच बिऱ्हाड केले म्हणा ना!

आता कादंबरीतील नियम पाहा. मृतांना उठविणारे दुष्ट मांत्रिक शहरात जमले आहेत. प्रेत जितके जुने तितके ते उठविण्यास कठीण, पण उठले की तितकेच बलवान. उठलेल्या प्रेताला हृदयाचे ठोके नसतात, म्हणून त्याला ताब्यात ठेवण्यास कोणीतरी सतत ताल धरावा लागतो. परिषदेचा कायदा असा, की माणसाच्या मृतदेहावर हा प्रयोग करणे हा देहान्ताचा गुन्हा. हॅरी शत्रूच्या सेनेपुढे एकटा पडतो आणि त्याच्या ध्यानात येते, की कायदा माणसांपुरता आहे. मग तो संग्रहालयात जातो. पुढचे तुम्ही ताडले असेलच. पावसात, दिवे गेलेल्या शिकागोच्या रस्त्यांतून कोट्यवधी वर्षांचे जनावर धावत आहे, त्याच्या पाठीवर मांत्रिक बसला आहे, आणि मागे तो भित्रा शववैद्य जीव मुठीत धरून ढोल बडवीत आहे! मी साठी उलटलेला माणूस, पण त्या पानांवर मी मुलासारखा टाळ्या पिटल्या, हे कबूल करावयास मला लाज वाटत नाही.

आणि येथे मला माझ्या प्रश्नाचे उत्तर मिळाले. जितके जुने तितके बलवान, हा नियम नुसत्या प्रेतांचा नव्हे, तो मालिकेचाच नियम आहे. पहिल्या भागात पुरलेली गोष्ट सातव्यात उठते, तेव्हा तिच्यात सहा भागांचे बळ साठलेले असते. लेखकाने ते बळ एका रात्रीत निर्माण केलेले नसते. वाचकाने आपल्या आयुष्याचे तास घालून ते साठविलेले असते. पहिल्या भागात वाचक नायकाला ओळखतो. सातव्यात तो नायकाबरोबर आठवतो. परक्याच्या लग्नात आपण मिष्टान्न खातो, आपल्या घरच्या लग्नात डोळे पुसतो. मांडव तोच असतो. प्रथम वाचनात मी त्या पुस्तकाचा पाहुणा होतो, दुसऱ्या खेपेस नातेवाईक होऊन गेलो.

या प्रकाराचे दोष मी झाकणार नाही. नातेवाईकांसाठीच घर बांधले, की नवख्याला दार सापडत नाही; मलाच प्रथम ते सापडले नव्हते. दर भागात शत्रू मोठा करावा लागतो, मग मोठ्याहून मोठा. सतराव्या भागापर्यंत अख्खे शहर रणभूमी होते आणि थकलेल्या भाड्याची जुनी गंमत ओसरते. हॅरीची स्त्रियांकडे पाहण्याची नजर जुन्या टणक नायकांकडून आलेली आहे, आणि ती अनेक वाचकांना खटकली आहे, मलाही खटकते. वारसा घेताना आजोबांचा बाणा घ्यावा, तपकिरीची डबीही घ्यावी असे नाही. शिवाय ऋणांची नोंद ठेवणाऱ्या लेखकावर स्वतःचेही ऋण चढते. 2014 च्या पंधराव्या भागानंतर सोळावा येण्यास 2020 साल उजाडले. त्या सहा वर्षांत वाचक थांबले. कोरी पाटी असती तर कोण थांबले असते?

एक शंका उरते. करमणुकीच्या पुस्तकावर इतका विचार कशासाठी? माझ्या विद्यार्थ्यांना मी तीस वर्षे सांगत आलो, की असली पुस्तके म्हणजे वेळेचा अपव्यय. ते विधान मी आज या सभेत मागे घेतो. पुस्तक थोर आहे म्हणून नव्हे. ते थोर नाही. पण माझ्या धंद्याची एक गोष्ट त्याने मला बजावली, जी पुष्कळ थोर ग्रंथांनी बजावली नव्हती. मृतांना उठविणे हा इतिहासकाराचा रोजचा व्यवसाय आहे. आम्ही त्यांना उठवितो, बोलावयास लावतो, कधीकधी लढावयासही लावतो. मृत जितका जुना तितके त्याचे बळ मोठे, हे आम्हाला ठाऊक आहे आणि त्या बळाचा मोह आम्हाला पडतो. पण उठविलेल्या मृताला स्वतःचे हृदय नसते. तो ज्याच्या ढोलावर चालतो, त्याच्या इच्छेने चालतो. म्हणून त्या कादंबरीतला कायदा माणसांच्या बाबतीत इतका कडक आहे. सरड्याला रस्त्यावर धावडवा, हसा, टाळ्या पिटा; माणसाच्या प्रेताला मात्र आपल्या तालावर नाचवू नका.

त्या दिवशी संग्रहालयात मी ‘सू’समोर बराच वेळ उभा राहिलो होतो. तेव्हा मला ती नुसती हाडे वाटली होती. आता पुन्हा जाण्याचा योग आला, तर भाच्याला बरोबर घेईन. एव्हाना त्याच्या मुलाने पहिला भाग हाती घेतला असेल. सातव्या भागात काय आहे, ते मी त्याला मुळीच सांगणार नाही. त्याने सहा भाग चालत यावे; मग आपण तिघे मिळून टाळ्या पिटू.